असत आणि असतात

‘आम्ही अजून आहोत ना!’ हे मावशींचं ठरलेलं वाक्य. पदर कमरेला खोचलेला, हातात झाडू. डहाणूचं आमचं आदिवासी संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल, तर तुम्हालाही त्यांनी ते ऐकवलं असणार.

मी तिथे कारकून. दालनातल्या पाट्यांचा मजकूरही माझाच. मावशी तलासरीपलीकडच्या एका पाड्यावरून एसटीने येत आणि झाडलोट करत. मोठ्या दालनाचं नाव ‘भारताचा आदिम वारसा’. मधोमध भात कांडणाऱ्या बाईचा पुतळा. शहरातल्या कलाकाराने तिला घोट्यापर्यंत साडी नेसवली होती. मावशी रोज सकाळी ती गुडघ्याशी घेत. अकराला साहेब आले की ती पुन्हा खाली येई.

“मावशी, पाहुण्यांसमोर कसं दिसतं ते?”

“एवढी साडी नेसून कांडायला गेली तर तोंडावर आपटेल, साहेब.”

गुजरातेतून आलेल्या एका कुटुंबाने त्यांना विचारलं, “तुम्ही लोक मराठी की गुजराती?” मावशींनी जरा विचार केला. “मी इकडची, सून तिकडची. म्हैस दोन्हीकडे चरते.”

मग एकदा दिल्लीचे बडे पाहुणे आले. पुतळ्यापुढे हात जोडून गहिवरले. “यही तो असली भारत है! अब ऐसे लोग कहाँ बचे?”

मावशींनी बादली खाली ठेवली. “आम्ही अजून आहोत ना! तलासरीला उतरायचं. पुढे रिक्षा मिळते.”

पाहुणे गोंधळले, साहेबांना घाम फुटला, आणि मी चहा सांगायला धावलो.

त्यानंतरच्या मंगळवारी दालन उघडलं, तर सगळ्या पाट्या बदललेल्या. मी लिहिलं होतं, ‘या बाया उखळात भात कांडत असत.’ ‘हे लोक तारपा वाजवत असत.’ ‘वाघदेवाला पूजत असत.’ कोणीतरी काळ्या मार्करने प्रत्येक ‘असत’मधल्या ‘त’ला काना दिला होता आणि पुढे आणखी एक ‘त’ जोडला होता. एकही ‘असत’ सुटला नव्हता.

साहेब माझ्यावरच कडाडले. “व्याकरणाची हौस घरी भागवा!”

मी शपथा घेत होतो, तेवढ्यात दारातून आवाज आला. “मी केलं.”

“तुला लिहिता येतं?”

“दहावी झालीय, साहेब.”

“मग हजेरीपटावर अंगठा कशाला उठवतेस?”

मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “पहिल्या दिवशी या भाऊंनी काही न विचारता शाईचा पॅड पुढे केला. मला वाटलं, तुमच्या लोकांत तशी रीत असेल.”

कोणाला हसू आलं नाही. मला तर कुठे बघावं कळेना.

साहेबांनी नव्या पाट्या मागवल्या, मजकूर जुनाच. मावशींना सांगितलं, पुढच्या महिन्यापासून येऊ नका. मी रदबदली करायला केबिनमध्ये गेलो आणि साहेबांनी मान वर करताच स्टेपलर मागून परत आलो.

शेवटच्या दिवशी मी हजेरीपट पुढे सरकवला आणि स्वतःचं पेन दिलं. मावशींनी आधी टोक बोटावर चालवून पाहिलं. मग घाई न करता स्वतःचं नाव, वडलांचं नाव आणि आडनाव, असं सगळं लिहिलं.

“येते भाऊ, एसटी चुकेल,” म्हणाल्या आणि गेल्या.

तो हजेरीपट अजून माझ्या कपाटात आहे. एका ओळीत निळे अंगठेच अंगठे, आणि शेवटच्या चौकटीत न मावल्यामुळे पार समासाबाहेर गेलेलं एक वळणदार नाव.