सुनेच्या स्कूटरवरून पाहिलेली सांगली

सून बँकेत नोकरीला आहे. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात तिची बदली सांगलीला झाली आणि ती आमच्या विश्रामबागेतल्या घरी राहायला आली. मुलगा पुण्यातच राहिला. शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे निघून जायचा. आठवड्याचे बाकीचे दिवस घरात आम्ही तिघंच, मी, माझे यजमान आणि ती.

ती नागपूरकडची. दूध, दही, तूप, लोणी, यातलं काहीच खात नाही. लग्न ठरलं तेव्हाच मुलानं सांगितलं होतं, ती व्हीगन आहे म्हणून. मी तेव्हा मान हलवली होती, पण मनात म्हटलं होतं, येईल हळूहळू वळणावर. आमचे हे सैन्यातून निवृत्त झालेले. गावाकडं ऊस आहे, धाकट्या दिराच्या गोठ्यात म्हशी आहेत, आणि दर महिन्याला तिकडून तुपाचा डबा येतो. अशा घरात दूध न खाणारी सून कशी राहणार, याची काळजी तिच्यापेक्षा मलाच जास्त होती.

घरात फारसं अडलं नाही. भाकरी, झुणका, खर्डा, दाण्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी, हे सगळं ती आवडीनं खायची. आपल्या रोजच्या जेवणात दुधातुपाचं एवढं कमी असतं, हे मलाच नव्यानं कळत होतं. अडचण झाली ती चहाची. ती कोरा चहा पिते. आमच्याकडं कोरा चहा होतो तो कुणी गेलं तर, त्या घरात. एकदा सकाळी हेही तिच्या सोबतीनं कोराच चहा घेत बसले होते, आणि शेजारच्या काकू काही मागायला म्हणून आल्या. त्यांनी दोघांच्या हातातले कप पाहिले, डोक्यावरचा पदर नीट केला, माझ्याजवळ येऊन खाली बसल्या आणि हळूच विचारलं, कोण गेलं म्हणून. मी सांगितलं, कुणी नाही. तरी त्या बराच वेळ गंभीर चेहऱ्यानं बसून होत्या.

खरा प्रश्न बाहेरचा होता. एका संध्याकाळी ती बँकेतून आली ती मलूल होऊन. आल्या आल्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. विचारलं तेव्हा कळलं, दुपारी बरोबरच्या मंडळींबरोबर हॉटेलात गेली होती. डोसा मागवला, लोणी नको म्हणून सांगितलं, तरी वर लोण्याचा गोळा ठेवूनच आला. सगळ्यांसमोर पुन्हा बोलायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून भूक नाही असं सांगून उठली. असं याआधीही झालं होतं. केळी खाऊन दिवस काढले होते तिनं, आणि मला बोलली नव्हती.

मी म्हटलं, "सुट्टीच्या शनिवारी मी येते तुझ्याबरोबर. कोण ऐकत नाही बघू."

बोलताना मोठ्या तोऱ्यात बोलले, पण खरं सांगायचं तर सांगलीत तीस वर्षं काढून मला हॉटेलं ठाऊक नव्हती. कुणी पाहुणे आले की सगळे मिळून जायचो ते एक मोठं हॉटेल, आणि नाटकानंतरचा आइस्क्रीमवाला, एवढंच. बाजारात जायचे, भाजी घ्यायचे, कापडदुकानात बसायचे, पण भूक लागली तर घरी येऊन खायचे. बाईमाणसानं रस्त्यावरच्या हॉटेलात शिरून बाकावर बसायचं आमच्या वेळी कुणाच्या मनातही येत नव्हतं. ह्यांनीही कधी अडवलं नव्हतं. मीच गेले नव्हते.

सुट्टीच्या दिवशी तिच्या स्कूटरवर मागं बसून आधी त्याच डोसेवाल्याकडं गेलो. मी सरळ तव्याजवळ जाऊन उभी राहिले आणि सांगितलं, हिला दुधातुपातलं काही चालत नाही, तव्यावरसुद्धा लोण्याचा हात नको. तो माणूस रागावेल असं वाटलं होतं. त्यानं काही न बोलता अर्धा कांदा घेऊन तवा खसाखसा घासला, पाणी मारलं, पुन्हा घासला आणि तेलावर डोसा सोडला. मग म्हणाला, आधी कुणी नीट सांगितलंच नाही, नुसतं लोणी नको म्हणतात आणि वाढल्यावर मागून घेतात. सुनेनं तो डोसा शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. मला तिच्या खाण्याकडं बघतच राहावंसं वाटलं.

मग आम्हाला नादच लागला. दर सुट्टीला एक पेठ, एक रस्ता. भडंगवाल्याला मी विचारलं, ह्यात तूप असतं का? तो हसायलाच लागला. चुरमुरे, लसूण, शेंगदाणे, तेल, तिखट, याशिवाय भडंगात काय घालणार, असं त्यानं मलाच उलट विचारलं. सांगलीची म्हणून जी वस्तू आम्ही पाहुण्यांना बांधून देतो, ती सुनेला जशीच्या तशी चालत होती. तिनं तिथंच मोठी पिशवी घेतली आणि घरी पोचेपर्यंत मागं बसून मी ती अर्धी संपवली.

बेकरीतली गंमत वेगळीच. बाजाराजवळ एक जुनी बेकरी आहे. मी नानकटाई कशातली म्हणून विचारलं. मालक छातीवर हात ठेवून म्हणाले, शुद्ध तुपातली. मी म्हटलं, मग नको. त्यांना वाटलं, माझा विश्वास बसला नाही. पुन्हा म्हणाले, घरच्या तुपातली, अगदी शपथेवर. मी आणखी एकदा नको म्हणून वळले. सून दुकानाच्या पायरीवर उभी होती. मी तिला सांगितलं, चल, तुला चालणारी नाही, तूप आहे त्यात. मालकांनी ते ऐकलं. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक बाहेर पडेपर्यंत ते थांबले, मग काउंटरवर वाकून अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "मावशी, डालडा आहे. कुणाला बोलू नका." आम्ही पाव किलो घेतली. रस्त्यावर आल्यावर सून एवढी हसली की तिला स्कूटर चालू करता येईना.

मिसळीचा दिवस मात्र मला कधी विसरता येणार नाही. बँकेतल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की गावभागात एक मिसळवाला आहे, सकाळी लवकर गेलं तरच मिळते, आणि तिखट एवढी की डोळ्यांतून पाणी येतं. कट तेलाचाच असतो, दही फक्त मागितलं तर देतात. आम्ही सकाळी निघालो तेव्हा हे घरात नव्हते. ते रोज पहाटे फिरायला जातात. डॉक्टरांनी त्यांना तेलकट-तिखट बंद केलं आहे आणि चालायला सांगितलं आहे. नेमानं बाहेर पडतात, सैन्यातली शिस्त म्हणून मी चारचौघांत कौतुकही करायचे.

मिसळीचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना बाकडी. सगळे पुरुष. आम्ही दारात उभ्या राहिलो तेव्हा बोलणी जरा थांबली. मालकांनी भिंतीकडच्या बाकावरच्या दोघांना सरकायला लावलं आणि आम्हाला बसवलं. मिसळ आली. पहिला घास घेतला आणि माझ्या कानातून वाफ निघाली असं वाटलं, पण थांबवेना.

तेवढ्यात हे आत आले. पायांत चालायचे बूट, गळ्याला मफलर. मालकांनी त्यांना पाहताच एक प्लेट भरली, ह्यांच्या नेहमीच्या जागेवर ठेवली आणि विचारलं, "साहेब, आज उशीर?"

हे बसले, पाव हातात घेतला आणि समोर बघितलं. समोर मी आणि सून.

सुनेनं मान खाली घालून कांदा चिवडायला सुरुवात केली. तिचे खांदे हलत होते. ह्यांनी क्षणभर पाव तसाच धरला, मग कटात बुडवून खाल्ला. सैन्यातला माणूस, माघार घेणार नाही. मी एवढंच विचारलं, "अहो, कट वाढून घेता का आणखी?" ते म्हणाले, "नको, एकदाच घेतो." मालकांना काहीच माहीत नव्हतं, ते तिघांच्याही पानात आळीपाळीनं वाढत राहिले. घरी आल्यावर आमचा तह झाला. आठवड्यातून एक मिसळ, तीही माझ्यासोबत.

माझं माहेर आटपाडीजवळचं. भावाकडं जत्रेला जायचं होतं, तेव्हा सुनेला नेलं. जाताना तिला सांगून ठेवलं होतं, माझी वहिनी जुन्या वळणाची आहे, मनाला लावून घेऊ नकोस. वहिनीच्या दारात म्हैस आहे, शेळ्या आहेत. आम्ही पोचल्या पोचल्या ती पितळी पेल्यात दूध घेऊन उभी राहिली. सुनेनं नको म्हटलं, आणि वहिनीचा चेहरा उतरला. पाहुणीनं दूध परत करावं हे तिला अपमानासारखंच वाटलं. मला म्हणाली, "डाक्टरनं सांगितलंय व्हय? आजारी हाय का पोरगी?"

मी बोलायच्या आत सून तिच्याजवळ चुलीपाशी जाऊन बसली. म्हणाली, "मामी, मी आजारी नाही. जनावराचं दूध मला घ्यावंसं वाटत नाही, एवढंच. तुमचं काही चुकलं नाही. मला भूक मात्र खूप लागली आहे."

वहिनीनं पेला बाजूला ठेवून डब्यातून हुलग्याचं पीठ काढलं आणि माडगं करायला घेतलं, गुळाचं, पातळसर. ढवळता ढवळता म्हणाली, "दुष्काळात जनावरं छावणीला बांधली हुती, तवा आमी तरी कुठलं दूध बघितलं गं? ह्येच पीत हुतो. पोरं वाढलीच की." तिनं ते सहज सांगितलं. सुनेनं मात्र त्या छावणीबद्दल, तिथल्या चाऱ्याबद्दल, कोण रात्री जनावरांजवळ झोपायचं याबद्दल विचारत विचारत संध्याकाळ केली. निघताना वहिनीनं हुलग्याचं पीठ बांधून दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की पोरगी बरी आहे, नुसतं खाण्याचं तेवढं वेगळं.

पुढच्या वर्षी सुनेला साताऱ्याची शाखा मिळाली. पुणं जवळ म्हणून ती खूश झाली. आम्हालाही आनंद झाला, पण ती गेल्यावर सुट्टीचा दिवस फार लांबला. तिनं तिकडं खोली घेतली आणि मला आठ दिवस राहायला बोलावलं. हे म्हणाले, जा. मी एकटीच एसटीनं गेले.

ती सकाळी बँकेत गेली की मी साताऱ्यात फिरायचे. एका दुपारी राजवाड्याकडून येताना पाय दुखायला लागले, भूकही लागली होती. समोर एक साधंसं हॉटेल दिसलं. आत जाऊन बसले. वाढप्यानं विचारलं, बरोबर कुणी आहे का? मी सांगितलं, नाही. भिंतीवरचा फलक दोनदा वाचला. एवढी वर्षं दुसऱ्याला काय चालतं तेच बघत आले होते, त्यामुळं आपल्याला काय हवंय ते ठरवायला जरा वेळ लागला. शेवटी कांदाभजी सांगितली.

खाताना सुनेचा फोन आला. जेवलात का, म्हणून. मी म्हटलं, हॉटेलात बसले आहे. तिनं विचारलं, कुणाबरोबर? मी म्हटलं, कुणाबरोबर नाही.

मग तिनं विचारलं, "भजी कशी आहेत, आई?"

"कुरकुरीत आहेत. मीठ किंचित पुढं आहे," मी म्हटलं. "बेसन आणि तेल, दुसरं काही नाही, मी विचारून घेतलंय. संध्याकाळी तू सुटलीस की परत येऊ."