गटारीचा एल्क

तोआ पायोहच्या साधना कर्णिकांचं मटण सिंगापुरातल्या मराठी मंडळींत नावाजलेलं होतं. बाईंनी जन्मभर अकाउंट्स सांभाळले, पण ओळख राहिली ती मटणाचीच. शिजवताना त्यांनी कधी चव घेतली नाही. पानं वाढण्याआधी चाखलं की उष्टं झालं, ही माहेरची शिस्त. मीठसुद्धा वासावर कळतं असं त्या म्हणत, आणि त्यांना कळायचंही.

ती वासाची जाण गेल्या वर्षीच्या तापात गेली. हे त्यांच्या लक्षात आलं उग्र वासाच्या ड्युरियन फळांच्या मोसमात. त्यांच्या ढिगाशेजारून जाणारे नाक मुरडत होते आणि बाई ढिम्म. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लोक गोड बोलून हातातला डाव काढून घेतील, याची त्यांना धास्ती होती. मटण हाताच्या सवयीने निभावत होतं.

यंदा गटारीला मुलाने, सौमित्रने, बुकित तिमाहच्या दुकानातून जंगली एल्कचं मांस आणलं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड परदेशी भाऊबंद.

"आई, मित्रांना बोलावलंय. उद्यापासून श्रावण, आजच करून टाक," म्हणाला आणि वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसला गेला.

मांस काळपट, चरबीचा पत्ता नाही. इथे हाताची सवय कामाची नव्हती. बाईंनी बाजारातून कोकमाच्या नात्यातलं असाम आणि आल्याच्या कुळातली ताजी गुलाबी फुलं आणली, खोबरं-कांदा भाजून वाटण केलं आणि देवाचं नाव घेऊन मांस चढवलं.

सून अश्लेषा जन्माची शाकाहारी. मटणाच्या दिवशी ती खोलीचं दार लावून बसे. ती पळतच बाहेर आली.

"आई, करपतंय काहीतरी."

साधनाबाई पातेल्याला खेटूनच उभ्या होत्या. झाकणाखाली मांस तळाला लागलं होतं. अश्लेषाने गॅस बंद केला.

"तुम्हाला वास नाही आला?"

"मला येतच नाही. वर्ष झालं."

दोघींनी वरचं मांस दुसऱ्या पातेल्यात काढलं. मग बाईंनी खाली बघत विचारलं, "थोडा वेळ इथे थांबशील?"

अश्लेषा तोंड वाकडं करत थांबली. "अजून उग्र येतोय... आता फुलांचा... आता खोबऱ्याचा, चांगला." बाई त्यावर आच कमी-जास्त करत राहिल्या.

रात्री पाहुण्यांनी बोटं चाटली. "काकू, तुमच्या हाताला तोड नाही." अश्लेषा आमटी-भात जेवत होती. बाईंना गप्प राहता आलं असतं, पण ते कौतुक घशाखाली उतरेना.

"अश्लेषाच्या नाकाने शिजलंय हे. मला वास येत नाही."

सौमित्रचा हात पानातच थांबला. "मग वर्षभर तुला जेवताना लागतं तरी काय?"

"मीठ कळतं, तिखट कळतं," साधनाबाई म्हणाल्या. "बाकी तुमच्या तोंडाकडे बघते."