तबकडीवरची गौळण

माझ्या मावशीच्या भजनी मंडळात परवा एक गौळण ऐकत बसलो होतो. सगळ्या बायका संथ गात होत्या, पण शेवटचं कडवं आलं तशी टाळांची लय एकाएकी वाढली.

"इथे एवढी घाई का?" मी नंतर मावशीला विचारलं.

"घाई कसली? चालच तशी आहे. आईने मला अशीच शिकवली."

आजीने ती उचलली होती शेजारच्यांच्या ग्रामोफोनवरून. मला राहवेना. जुन्या तबकड्या जमवणाऱ्या एका मित्राकडे ती गौळण सापडली, तेव्हा मावशीला घेऊनच गेलो. तबकडीवरची बाई निवांत गायला लागली आणि शेवटच्या कडव्याला धावतच सुटली.

"एका बाजूला तीन मिनिटांचंच गाणं मावायचं," मित्र म्हणाला. "जागा संपत आली की गाणारे असं उरकून घ्यायचे."

म्हणजे यंत्राची अडचण घरोघरी चाल होऊन बसली होती! अशा किती अडचणी आपण गाणं समजून जपत असू, कोण जाणे.

मावशी मात्र त्या बाईचाच विचार करत होती. "बिचारीला श्वाससुद्धा घेऊ दिला नाही," ती म्हणाली आणि तिथेच ते कडवं संथ लयीत म्हणू लागली. कृष्ण गोकुळ सोडून मथुरेला निघतो, ते कडवं. जन्मभर गायलेले ते शब्द तिला आजच ऐकू आले असावेत. दुसऱ्या ओळीला ती थांबली. आम्ही दोघं ती पुन्हा सुरू करेपर्यंत वाट पाहत बसलो.