भद्रावतीच्या गाडीतली बी.ए.

कंडक्टरबाईंचा आवाज असा खणखणीत होता, की भद्रावतीच्या स्टँडवर त्यांनी "चंद्रपूऽर, चंद्रपूर" म्हटले की टपरीवरची माणसे अर्धा चहा टाकून उठत. आम्हा कॉलेजच्या मुलींच्या ओळखीचा होता तो मात्र त्यांचा दुसरा आवाज. तिकिटे काढून झाली की त्या दांड्याला टेकून उभ्या राहत आणि डोळे मिटून पुटपुटू लागत. नव्या प्रवाशाला वाटे, बाई स्तोत्र म्हणताहेत. बाई लोकसभा आणि राज्यसभा यांच्या अधिकारांतला फरक म्हणत असत.

मुक्त विद्यापीठातून त्या बी.ए. करत होत्या. बारावी होताच लग्न झालेले, मग दोन मुली, मग ही नोकरी. नवरा माजरीच्या कोळसा खाणीत पाळीने कामाला. रविवारी चंद्रपूरच्या अभ्यासकेंद्रात तास होत, बाकीचा अभ्यास गाडीत. एसटीच्या खात्यांतर्गत एक वरच्या जागेची परीक्षा होती आणि तिला पदवी लागत होती. "मले साहेब व्हायचं आहे," असे त्या कोणालाही सांगत, लाजतबिजत नसत.

मी रोज चंद्रपूरच्या कॉलेजात जाणारी, राज्यशास्त्रच घेतलेली. त्यामुळे संध्याकाळच्या गाडीत माझी सुटका नसे. "आज काय शिकवलं तुह्या सरानं? लवकर सांग, ताडाळी येऊन राह्यली." मी अडखळले की त्यांच्या भुवया वर जात. "काऊन गं, वर्गात झोपली होती का?" त्यांच्या धाकाने मी पहिल्या बाकावर बसू लागले. नियमित कॉलेजातले शिकणे कशासाठी असते, हे मला त्या गाडीत कळले. मला समोर उभे राहून विचारता येईल असे शिक्षक होते, ग्रंथालय होते, मोकळा दिवस होता. बाईंकडे यातले काही नव्हते, म्हणून माझ्या वाट्याचे त्या मागून घेत.

एकदा एका सफारीवाल्या गृहस्थांनी त्यांच्या हातातले पुस्तक पाहिले. "मुक्त विद्यापीठ? म्हणजे घरबसल्या डिग्री. तिले कोण विचारते?"

"घरबसल्या नाई जी, उभ्या उभ्या," बाई म्हणाल्या. "बसाले जागा कुठी आहे मले?"

गाडी खदखदून हसली. बाईंनी मात्र पुस्तक मिटले ते चंद्रपूरपर्यंत उघडले नाही. उतरताना त्यांनी माझा दंड धरला. "खरंच नाई का विचारत कोणी?" मी आमच्या प्राध्यापकांना विचारून आले. ही पदवीही नोकरीच्या परीक्षांना चालते, असे त्यांनी स्वच्छ सांगितले होते. बाईंनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतले आणि मग पोरीसारख्या हसल्या.

बाईंच्या शेवटच्या वर्षीची गोष्ट, आम्ही मुली तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो. सकाळची फेरी संपवून बाई थेट परीक्षेला जाणार होत्या. ताडाळीच्या अलीकडे कोळशाचे ट्रक आडवेतिडवे अडकले आणि गाडी जागच्या जागी थांबली. वेळ सरकत होता. ड्रायव्हर मेश्रामभाऊ मागे वळून म्हणाले, "बाई, त्या मोटरसायकलवाल्याच्या मागं बसा अन् जा. मी सांभाळतो इथी." मोटरसायकलवालाही तयार होता. बाई दारापर्यंत गेल्या. मागे गाडीत एक गरोदर बाई दवाखान्यात जायला निघालेली, एकटीच. बाईंनी तिच्याकडे पाहिले आणि दार लावून घेतले. "गाडी माह्या नावावर आहे, भाऊ. हिले पोचवल्याबिगर मी उतरत नाई."

गाडी चंद्रपूरला पोचली तेव्हा पेपर संपत आला होता. स्टँडवर त्या गरोदर बाईला रिक्षात बसवून बाई बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मला वाटले, संपले आता. दुसऱ्या दिवशी गाडीत चढले तर पुटपुटणे सुरू. माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "अशी काय पाहून राह्यली? विषय राह्यला माहा, मी थोडीच राह्यली? पुढच्या वेळी देईन ना."

हे वाक्य पुष्पाने ऐकले होते. पुष्पा आमच्यातली, गणितात हुशार. त्याच वर्षी तिचे लग्न झाले आणि कॉलेज सुटले. पुढे माहेरी आली असताना ती नवऱ्यासोबत याच गाडीत भेटली, तर बाईंनी तिच्या नवऱ्यालाच गाठले. "जावईबापू, रविवारी चंद्रपूरले कामं असतातच ना तुमाले? हिलेबी आणत जा. तुमी बाजार करा, ही तास करंन." नवरा हो म्हणाल्याशिवाय त्यांनी त्याला उतरू दिले नाही. पुष्पा आज चामोर्शीला शाळेत शिकवते.

बाईंनी राहिलेला पेपर दिला आणि पदवी मिळवली. मग खात्याची परीक्षा दिली, तीही पास झाल्या. मुलाखतीला जाण्यापूर्वी त्यांनी एक भाषण तयार केले होते. मुक्त विद्यापीठाची पदवी का कमी नाही, यावर. आठवडाभर ते आम्ही सगळ्यांनी ऐकले. मुलाखत झाली त्या संध्याकाळी बाई साडी नेसून, प्रवासी म्हणून गाडीत चढल्या. चेहरा उतरलेला.

"काय झालं?" मेश्रामभाऊंनी विचारले.

"पदवीचं विचारलंच नाई कोणी! पाहिली, अन् चालते म्हणले. दुसरंच विचारत बसले, गाड्यांचं, फेऱ्यांचं. ते तर मले सगळंच येते!"

मग गाडीत असा काही हशा आणि टाळ्या उठल्या, की बाईंनाही राहवेना. एक आजी म्हणाल्या, "तं आमाले सांग ना बाई, आमी ऐकतो." आणि बाईंनी ते भाषण सगळ्या गाडीला ऐकवले, हातवारे करून, पुरेपूर. मेश्रामभाऊंनी शेवटी हॉर्न वाजवला तो भद्रावती येईपर्यंत थांबला नाही.

नेमणूक अहेरीला झाली. निघायच्या दिवशी स्टँडवर भाजीवाल्या बायकांनी त्यांची ओटी भरली. "नवऱ्याले अन् सासूले सांगून ठेवलं," त्या मला म्हणाल्या, "पोट्ट्यांचं शिक्षण थांबलं तं मी अहेरीहून बस घेऊन येईन." मग गाडी सुटली, आणि आमच्या सकाळच्या गाडीत कितीतरी दिवस नुसताच इंजिनाचा आवाज होता.

मी पुढे एम.ए. झाले, कॉलेजात शिकवू लागले. रविवारी अभ्यासकेंद्रातले तासही मागून घेतले. तिथे शेतातून येणारे असतात, अंगणवाडीतल्या ताई असतात, जंगलखात्याचे चौकीदार असतात. गेल्या वर्षी तिथेच एम.ए.च्या नव्या वर्गाचा पहिला तास होता. मी फळ्यावर विषय लिहीत होते. दारात अहेरीच्या पहाटेच्या गाडीने आलेल्या, खाकी गणवेशातल्या एक साहेब उभ्या होत्या.

"मॅडम, आत येऊ का?"

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. वर्गाला काही कळेना. बाई आत आल्या, सरळ पहिल्या बाकावर बसल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सांगा जी आता. मी रविवारची सुट्टी टाकून आली आहे."