नाव आणि तारीख

माझ्या साडूंच्या घरातून आजवर एकही वस्तू बाहेर गेलेली नाही. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, समोरचं लिंबाचं झाड रस्ता रुंद करताना गेलं, पण त्यांच्या लग्नात आलेला कुकर, पहिल्या पगाराची इस्त्री, पंखा, मिक्सर, फ्रिज ही सगळी मंडळी जागच्या जागी आहेत आणि कामावर आहेत. मुकुंदवाडीच्या गल्लीगल्लीतून ओरडत जाणारा भंगारवाला त्यांच्या इमारतीपाशी आला की तोंड मिटून पुढे सरकतो. एकदा नवखेपणात त्यानं खालून हाक दिली होती. साडूंनी त्याला दुसऱ्या मजल्यावर बोलावलं, चहा पाजला, दुनियादारीच्या गोष्टी केल्या आणि त्याच्याच गाड्यावरचा एक मोडका टेबलफॅन घासाघीस करून विकत घेतला. तेव्हापासून तो या घराकडे गिऱ्हाईक म्हणून नव्हे, धंद्यातला प्रतिस्पर्धी म्हणून बघतो.

त्यांचा छताचा पंखा एकदा फिरायला लागला की थांबवणं कठीण, पण फिरायला लागणं हा एक सोहळा आहे. बटन दाबल्यावर तो आधी थोडा विचार करतो. मग एक पातं हलतं, बाकीच्यांना निरोप पोचतो, आणि हळूहळू, कुणाचाही मुलाहिजा न ठेवता, तो वेग घेतो. पण एकदा वेगात आला की खोलीतलं वर्तमानपत्र गॅलरीत सापडतं. म्हणून मे महिन्यात आम्ही गारखेड्याच्या आमच्या घरून त्यांच्याकडे जायचं ठरवलं की त्यांचा फोन येतो, "पाव्हणं, निघालात का? निघालात तर पंखा लावतो." आम्ही दार वाजवतो तेव्हा तो रंगात आलेला असतो. मी दर दोन वर्षांनी मोबाइल बदलणारा माणूस. माझ्याकडे ते कीव केल्यासारखं बघतात. मागं मी हौसेनं त्यांना मोबाइलच्या दुकानात घेऊन गेलो होतो. तिथल्या टाय घातलेल्या तरुणाला त्यांनी विचारलं, "किती वर्षं चालंल?" तो म्हणाला, "काका, एक वर्षाची वॉरंटी आहे." साडू माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजी एका वर्षानं मरंल असं कंपनीच सांगतीय व्हय?" आणि तो फोन त्यांनी टिचकी मारून, तळहातावर तोलून, वजन फारच कमी भरलं म्हणून परत ठेवला.

आता गंमत बघा. या माणसाची सगळी नोकरी शेंद्र्याच्या एका कारखान्यात गेली, आणि तो कारखाना चहाचे प्लास्टिकचे पेले बनवायचा. दोन घोट प्यायचे आणि फेकून द्यायचं. पेला गळत नाही ना, हे तपासून पास करणं हे साडूंचं काम. आयुष्यभर लाखो पेले त्यांनी डोळ्यांखालून घातले आणि एकालाही मनातून पास केलं नसावं. निवृत्तीच्या दिवशी त्यांना त्याच पेल्यातून चहा दिला. तो पेला ते खिशात घालून घरी घेऊन आले. अजून आहे. त्यात ब्रश ठेवतात.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच आहे. आपल्याकडे स्टीलचं भांडं घेतलं की दुकानदार विचारतो, "नाव घालायचं का?" आणि ते किर्र आवाजाचं छोटं मशीन काढून भांड्याच्या काठावर नाव आणि तारीख कोरून देतो. लोकांसाठी ते लग्नाच्या आहेरापुरतं असतं. साडूंसाठी तो संस्कार आहे. जिच्यावर नाव नाही ती वस्तू त्यांच्या लेखी घरात आलेलीच नाही. गुलमंडीतल्या ज्या माणसाकडे ते नाव घालून घ्यायचे त्यानं धंदा बंद केला, तेव्हा यांनी ते मशीनच त्याच्याकडून घेतलं आणि पहिल्यांदा मशीनवरच स्वतःचं नाव घातलं. मग काय, माकडाच्या हाती कोलीत. कुकर झाला, इस्त्री झाली, छत्रीची दांडी, सायकलचा पंप, नखं कापायचं नेलकटर, सगळ्यांवर त्यांचं आडनाव आणि खाली तारीख. निवृत्तीच्या पेल्यालाही नाव घालायला गेले आणि आरपार भोक पडलं, म्हणून तर त्यात आता ब्रश असतात. कुणाची वस्तू आहे हे विचारायची पद्धत नाही. माझा जेवणाचा डबा एकदा त्यांच्याकडे विसरला, तो आठ दिवसांनी नावासकट परत आला. त्यांच्या नावासकट. शेजारची माणसं त्यांच्याकडे वाटीतून भाजी पाठवताना आता स्टीलची वाटी पाठवत नाहीत, काचेची पाठवतात. जग त्यांना नावं ठेवतं आणि ते नाव घालत बसतात.

या संसारात माझी थोरली मेहुणी, म्हणजे आमच्या मंदाताई, कशा तगल्या हा प्रश्न मला पुष्कळदा पडतो. त्यांच्या मिक्सरचा आवाज असा की खालच्या मजल्यावरची सून वरच्या मिक्सरवरून आपली वेळ ठरवते. ताईंनी नव्या मिक्सरचा विषय काढला की साडूंचं उत्तर ठरलेलं, "मोडू दे, मग घेऊ." आणि तो मोडायला तयार नाही. शहागंजातले चाचा, जे त्याची दुरुस्ती करतात, तेसुद्धा हात टेकून म्हणाले होते, "साब, ये मिक्सर मेरेकू दफनाके जाताय." शेवटी ताईंनी एक दिवस मिक्सरचं भांडं ओट्यावरून चक्क खाली सोडलं. भांड्याला पोचा आला नाही. फरशीचा टवका उडाला. साडू इतके खूश झाले की पुढचा महिनाभर आल्यागेल्याला तो टवका दाखवत होते. ताई मला म्हणाल्या, "मला या घरात एकदा तरी काहीतरी मोडलेलं बघायचंय हो. आणि चमच्यालासुद्धा यांचं नाव. एक मीच राहिले बिननावाची." आम्ही सगळे हसलो. साडू हसले नाहीत. त्यांनी ते ऐकून ठेवलं, हे मला फार नंतर कळलं.

फ्रिजबद्दल त्यांचा एक कायदा आहे. जुनं यंत्र बंद करायचं नाही. "चालू हाय तोवर चालू ऱ्हातं. एकदा बंद केलं की त्याला आठवण ऱ्हात नाय," असं त्यांचं शास्त्र. वैजापूरला भावाकडे चार दिवस गेले तरी फ्रिज चालू. वीज गेली की मात्र त्यांचा चेहरा उतरतो. ते खुर्ची ओढून फ्रिजपाशी बसतात आणि त्याच्या दारावर तळहात ठेवतात. वीज येते, क्षणभर काहीच होत नाही, मग आतून एक हुंकार येतो, तळहाताला थरथर लागते. तेव्हा ते नुसतं म्हणतात, "चालू झालं," आणि उठतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यावर भरपूर चेष्टाही केली आहे.

तर अशा घरात मोडलं काय, तर ताईंचे गुडघे.

ताईंचा एक नेम होता. संध्याकाळी दोन जिने उतरायचे, मुकुंदवाडीच्या स्टेशनपर्यंत चालत जायचं, फलाटावरच्या बाकावर बसायचं आणि एखादी गाडी जाताना बघून परत यायचं. कुठं जायचं नाही, कुणाला आणायचं नाही, नुसती गाडी बघायची. आधी परतीचा जिना जड जाऊ लागला, मग उतरणंही. वर्षभरात त्यांचं स्टेशन सुटलं. गॅलरीत खुर्ची टाकून त्या गाडीचा भोंगा ऐकत बसायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, उजवा गुडघा तरी बदलाच. साडूंनी ऐकूनच घेतलं नाही. "ओरिजिनल पार्ट हाय तोवर डुप्लिकेट टाकू नये," म्हणाले आणि रोज रात्री तिळाचं तेल कोमट करून स्वतः चोळू लागले. माझी बायको बहिणीसाठी त्यांच्याशी कडाकडा भांडली. चिक्कू म्हणाली, हट्टी म्हणाली, ताई काय तुमचा मिक्सर आहे का, असंही म्हणाली. ते ऐकून घेत राहिले आणि तेल चोळत राहिले. मलाही त्यांचा राग आला होता. विनोदाला एक जागा असते, आणि दुखणारं माणूस ही ती जागा नव्हे.

शेवटी मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. टेबलावर सांध्याचा नमुना होता. साडूंनी तो उचलला, टिचकी मारली, तळहातावर तोलला. वजनावर ते खूश दिसले. मग विचारलं, "किती वर्षं चालंल?" डॉक्टर म्हणाले, "पंधरा-वीस वर्षं आरामात." साडू म्हणाले, "आमचा पंखा याच्याहून जुना हाय." डॉक्टर खळखळून हसले. मी खाली मान घातली.

बाहेर आल्यावर रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेतला. साडू पेल्याकडे बघत बसले होते. मी जरा तोडूनच म्हणालो, "आता काय अडचण आहे तुमची?" त्यांनी पेल्याच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पार्टचं नाय ओ. पार्ट चांगलाय. पण ते कमरेखालचं सगळं बंद करणार म्हणत्यात." मी म्हटलं, "भूल देतात, दोन-चार तासांत उतरते." ते म्हणाले, "तुमी लई शिकलेलं. पण बंद केलेलं परत चालू होतंच, असं कोण लिहून देतं का? नाय झालं तर मी काय करू, पाव्हणं?" त्यांच्या पेल्यातला चहा तसाच निवून गेला होता. मला एकदम कळलं की हा माणूस कंजूष नाही, हट्टीही नाही. तो घाबरलेला आहे.

ऑपरेशन झालं. नीट झालं. ताईंना खोलीत आणलं तेव्हा त्या शुद्धीत होत्या, बोलत होत्या, पण पाय अजून सुन्न होते. साडूंनी खुर्ची ओढली, पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि ताईंच्या तळपायावर तळहात ठेवला. चहा नाही, जेवण नाही. सिस्टरनं दोनदा सांगितलं, "काका, वेळ लागतो, जरा फिरून या." ते हलले नाहीत. ताईच त्यांना म्हणाल्या, "अहो, फ्रिज नाही मी." दिवेलागणीच्या सुमाराला ताईंचा अंगठा जरासा हलला. साडूंनी हात काढला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "चालू झालं." त्या वेळी मला चेष्टा सुचली नाही. माझी बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

घरी आल्यावर ताईंना चालायला वॉकर लागणार होता. तो मी क्रांती चौकाकडच्या एका दुकानातून महिन्याच्या भाड्यानं आणून दिला. महिनाभरात ताई काठीवर आल्या आणि पुढं काठीही सुटली. मी वॉकर परत करायला घेऊन गेलो. दुकानदारानं तो उलटापालटा करून बघितला आणि माझ्यापुढं धरला. "साहेब, ह्याच्यावर नाव घातलंय. आता मी हा दुसऱ्याला कसा देऊ?" मी कपाळाला हात लावला. अनामत रक्कम सोडून वॉकर परत घेऊन आलो, रस्ताभर साडूंना काय काय सुनवायचं ते जुळवत.

शिवरात्र नुकतीच होऊन गेली होती, संध्याकाळी अजून गारवा होता. साडू गॅलरीत चपला पुसत होते. मी वॉकर त्यांच्यासमोर आदळला आणि तेव्हाच प्रथम त्याच्यावरचं नाव नीट वाचलं. नेहमीचं आडनाव नव्हतं. मुठीच्या खाली, जिथं रोज ताईंचा हात पडायचा तिथं, कोरलेलं होतं: मंदा. बस, एवढंच.

जुळवलेलं सगळं मी विसरलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तारीख टाकायची राहिली तुमची."

"ऱ्हायली नाय. टाकली नाय." त्यांनी चपलांची जोडी उंबऱ्यापाशी नीट लावली. ती ताईंची होती. "तारीख टाकली की किती चाललं ते मोजत बसतो माणूस. हिचं नाय मोजायचं मला."

आतून ताई आल्या, नवी साडी नेसलेल्या. गाडीची वेळ झाली होती. त्यांनी वॉकरवरून सहज हात फिरवला, नावापाशी जरा थांबल्या आणि "चला" म्हणाल्या. साडू जिन्यात पुढं झाले, एक पायरी खाली, तोंड ताईंकडे करून. वळणावरून त्यांनी वर मान करून मला सांगितलं, "पाव्हणं, दोन जिने चढून येईस्तोवर हिला घाम येतो. पंखा आत्ताच लावून ठेवा."

मी आत जाऊन बटन दाबलं.