क्लेमच्या हॉप्सची शेवटची पिशवी

तापावेरा गावच्या डॉरीनचा नवरा क्लेम बिअरमध्ये घालायच्या हॉप्सची तोडणी उरकता उरकता गेला, आणि पुढच्या वसंतात शेडमागचा त्याचा हॉप्सचा वेल फुटलाच नाही. उकरून पाहिलं तर मूळ कुजलेलं. मागं राहिली फ्रीझरमधली एकच पिशवी, त्यानंच तोडून वाळवलेल्या हिरव्या बोंडांची.

त्या बोंडांचा वास म्हणजेच क्लेम. मिशांना तोच, उशीला तोच, शर्टांनाही तोच. शर्ट मात्र नणंदेनं, आयव्हीनं, मयताच्या आठवड्यातच धुऊन टाकले होते. बाई उत्साही फार! म्हणून डॉरीनला त्याची ती जहाल, कडू बिअर एकदा करायची होती. वास तीत उतरला तर उतरला, नाहीतर कायमचा गेला.

कडवटपणासाठी विकतचे हॉप्स उकळी फुटताच टाकायचे, एवढं तिला ठाऊक होतं. वेलाचे मागाहून, कारण लवकर टाकले की वास वाफेवर उडून जातो. पण मागाहून म्हणजे कधी? इतकी वर्षं डवला तिच्या हातात असायचा आणि क्लेम पाठीशी उभा राहून म्हणायचा, "आत्ता नाही."

धुण्याच्या खोलीत पातेलं खदखदू लागलं, विकतचे हॉप्स पडून उकळले. तिनं पिशवीला हात घातला आणि मानेमागून अगदी स्पष्ट आलं, "आत्ता नाही."

तिनं हात मागं घेतला. गॅस बंद केला, तरी तेच. पातेलं निवलं, यीस्ट पडलं, बिअर पिंपात फसफसून शांत झाली, तरी तेच. तंबाखूचा श्वाससुद्धा मानेला लागायचा. आवाजाला डॉरीन भ्यायली नाही. भ्यायली ती वळून बघायला.

"अगं, पिशवी अजून तशीच?" आयव्ही आली तशी म्हणाली.

"क्लेम नको म्हणतोय."

"जिता असताना कधी ऐकलंस त्याचं?"

"बिअरपुरतं ऐकायची."

आयव्हीनं पिशवीत नाक खुपसलं. "चीझसारखा वास मारायला लागलाय. आणखी थांबलीस तर त्याच्या मोज्यांची बिअर पिशील."

"तो 'आता' म्हणाला की टाकीन."

"कधी म्हणाला होता तो 'आता'?"

डॉरीननं आठवून पाहिलं. कधीच नाही. वेळ झाली की क्लेम बोलायचा नाही, तिच्या खांद्यावरून हात लांबवून मूठ आपणच सोडायचा.

आता कुणाचा हात येणार होता?

तिनं पिंपाचं झाकण काढलं. "आत्ता नाही," मागून आवाज आला, या खेपेला गयावया केल्यासारखा.

"पुरे झालं, क्लेम," ती म्हणाली आणि पिशवी पिंपात रिकामी केली.

वास खोलीभर उठला. लिंबाची साल, ओलं गवत, राळ. आयव्हीला हुंदका फुटला. "आला गं, आपला क्लेम आला!"

डॉरीनच्या मानेला आता नुसता गार वारा लागत होता. तिनं हळूच वळून पाहिलं. बादल्या होत्या, वाळत घातलेले टॉवेल होते.

"झाकण दे इकडं," ती म्हणाली. "उडून जाईल."