आवाजाचा डबा काढताना

माझा स्वभाव तिखट. चूक समोरच्याचीच असणार हे मी आधी ठरवते आणि मग शोधायला लागते. अमरावतीत घरी बसून प्रोग्राम लिहायची, तेव्हा तर हे जास्तच होतं.

आत्या अकोल्याला राहायची. साखरेनं तिचे डोळे गेले, पण बोलून दाखवणाऱ्या कंप्युटरवर ती मराठी टाइप करायला शिकली. कपाशीची ती वाईट वर्षं होती. एक संस्था गावोगावच्या बायकांचं बोलणं टेप करून आणायची आणि आत्या ते ऐकून टाइप करून द्यायची. डोळे गेल्यावर तिला मिळालेलं हे पहिलं काम. तिच्या जुन्या लॅपटॉपचा स्पीकर बिघडलेला, म्हणून मी तिला बाहेरून जोडायचा एक स्वस्तातला आवाजाचा डबा दिला. तो तिच्या लॅपटॉपमधल्या लिनक्स या सिस्टीमवर चालेना, तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे डब्याची आणि कंप्युटरची बोलणी करून देणारा प्रोग्राम, मीच लिहिला. केवढा तोरा होता मला त्याचा!

महिन्याभरात तिचा फोन आला. "अवं, लिवलेलं सारं जाऊन राहिलं. मशीन मुकी होते."

"तूच काहीतरी भलतं दाबत असशील," मी खेकसले. "माझ्याकडे तर मस्त चालतं."

तिनं फोन ठेवला. पुन्हा तक्रार आली नाही, तेव्हा मला वाटलं, शिकली असेल.

दिवाळीनंतर बडनेऱ्याहून गाडी धरून मी तिच्याकडे गेले. आत्या टेपला कान लावून टाइप करत होती. तेवढ्यात पंखा थांबला. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी एक सवय होती. लाइन गेली की सगळं उपटून ठेवायचं, कारण येताना ती झटका देऊन येते आणि वस्तू जाळते. आत्यानं चाचपत टीव्हीचा प्लग काढला, फ्रिजचा काढला आणि आवाजाचा डबाही लॅपटॉपमधून ओढून काढला. मग पुन्हा टाइप करायला बसली. लॅपटॉप बॅटरीवर होता, टेपमध्ये सेल होते, आणि आवाज नसला तरी अक्षरं तिच्या बोटांना पाठ होती.

मी कीबोर्डकडे बघितलं. कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत होता. सिस्टीम मुळातूनच मेल्याची ती खूण. स्क्रीन गोठलेली. आणि आत्या त्या मेलेल्या मशीनवर कुण्या बाईचं बोलणं शब्द न् शब्द उतरवत होती.

दोन दिवस तिच्याच घरी बसून मी चूक शोधली. डबा काढला की माझा ड्रायव्हर आधी त्याची मेमरी मोकळी करायचा आणि मग आवाज कमीजास्त करायचे कंट्रोल आवरायला घ्यायचा. पण वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा हात अजून त्या कंट्रोलवरच असायचा. मोकळ्या केलेल्या जागेला तो लागला की कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभाच, कोसळायचा. मी शहाणी, नेहमी सगळं नीट बंद करूनच डबा काढत आले होते!

आत्याला सांगितलं तर ती हसली. "म्हंजे लोकं जेवून राहिले अन् तू पत्रावळ्या उचलून राहिली!"

अगदी तेच. मी क्रम बदलला. आधी नव्यांना दार बंद, मग कंट्रोल काढायचे, आत असलेल्यांचे हात सुटेपर्यंत थांबायचं, आणि मेमरी सगळ्यात शेवटी. आत्यानं टाइप करता करता वीसेक वेळा डबा उपटला. मशीन एकदाही मेली नाही. मी नाचायचीच बाकी होते. "आता कर किती काम करायचं ते!"

"हा शेवटचाच टेप आहे ना वं," आत्या म्हणाली. "मी संस्थेवाल्याइले सांगून देल्लं, मले जमत नाही, माह्याच हातून चुका होतात. तू म्हनली होती ना तसं."

मी तिच्यासमोरच संस्थेतल्या बाईंना फोन लावला. चूक माझी होती, तिची नव्हती, हे दोनदा सांगितलं. बाई चांगल्या होत्या, पण पुढचे टेप त्यांनी दुसरीकडे देऊन टाकले होते. "आधी सांगायचं होतं हो," त्या म्हणाल्या.

फोन ठेवला आणि आत्याचा हात धरून मी रडले. माफ कर म्हणाले.

"म्हंजे मले जमत होतं," एवढंच आत्या म्हणाली.